पायथॉनमधून सी++ : प्रोग्रॅम मरतो, पण चूक नक्की कुठल्या बाजूला?

देवराई

नमस्कार मंडळी,

मांडणी अशी आहे. वर पायथॉन (उबुंटू २२.०४ आणि त्याच्यासोबत येणारा ३.१०), खाली सी++ ची .एसओ (लिनक्सची शेअर्ड) लायब्ररी. लायब्ररीने बाहेरच्यांसाठी तीन साधी सी फंक्शन्स उघडी ठेवली आहेत. 'ओपन' एक हँडल (आतल्या ऑब्जेक्टचा पॉइंटर) परत देतं, 'रीड' ते हँडल घेऊन एक नोंद भरून देतं, 'क्लोज' सगळं मोकळं करतं. पायथॉनमधून सीटाइप्सने (सी फंक्शन्स बोलावण्याचं पायथॉनचं मॉड्यूल) ही फंक्शन्स बोलावली आहेत, दुसरा कुठलाही थर मध्ये नाही.

एका मशीनवर हे व्यवस्थित चालतं. दुसऱ्यावर 'ओपन' होतं आणि पहिल्याच 'रीड'ला सेगमेंटेशन फॉल्ट (आपली नसलेली मेमरी वापरल्याचा क्रॅश). पायथॉनचा ट्रेसबॅक येत नाही, ट्राय-एक्सेप्ट काही पकडत नाही. पीडीबी (पायथॉनचा डीबगर) त्या ओळीपर्यंत नेतं आणि 'नेक्स्ट' दिलं की प्रोसेसच संपते. जीडीबीत (सी/सी++ चा डीबगर) बॅकट्रेस घेतला तर वरच्या दोन फ्रेमवर प्रश्नचिन्हं आणि खाली इंटरप्रिटरच्या स्वतःच्या फंक्शनांची भलीमोठी रांग. आपली पायथॉनची ओळ त्यात कुठेच दिसत नाही.

अशा दोन भाषांच्या प्रोग्रॅममध्ये शोध कुठून सुरू करावा? या एका केसच्या पलीकडचे अनुभवाचे मुद्देही येऊ द्या, म्हणजे धागा पुढे इतरांच्या कामी येईल. (कमांड आणि ऑप्शन इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहूया.)

घाटवाट

आधी दोन्ही बाजू एकाच चित्रात आणा. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

पहिली पायरी फुकटात आहे. प्रोग्रॅम 'पायथॉन३ -एक्स फॉल्टहँडलर' असा चालवा. पायथॉन ३.३ पासून ही सोय आत आहे. सेगफॉल्ट, अबॉर्ट, बस एरर, बेकायदा इन्स्ट्रक्शन किंवा भागाकाराचा सिग्नल आला की मरता मरता प्रत्येक थ्रेडचा पायथॉन ट्रेसबॅक एसटीडीएररवर छापला जातो. यात सर्वांत अलीकडची ओळ वर असते, नेहमीच्या ट्रेसबॅकच्या उलट. घाईत वाचताना हमखास घोळ होतो.

दुसरी पायरी जीडीबी. तुमच्याकडे प्रश्नचिन्हं येतात कारण डीबग माहिती नाही. पायथॉनसाठी 'पायथॉन३-डीबीजी' पॅकेज टाका, त्याने 'पाय-बीटी', 'पाय-लिस्ट', 'पाय-अप', 'पाय-लोकल्स' या कमांड जीडीबीत मिळतात. तुमची लायब्ररी '-जी -ओ०' ने पुन्हा बांधा. '-ओ२' वर बांधलेली असेल तर फ्रेम दिसेल, पण ज्या व्हेरिएबलची किंमत हवी नेमकं तेच 'ऑप्टिमाइझ्ड आउट' निघेल. मग:

जीडीबी --आर्ग्ज पायथॉन३ मेन.पाय
रन
(फॉल्ट आल्यावर) बीटी, आणि लगेच पाय-बीटी

'बीटी' सी++ ची बाजू दाखवतं, 'पाय-बीटी' त्याच क्षणाची पायथॉनची बाजू. दोन्ही शेजारी ठेवली की कुठल्या पायथॉन ओळीने कुठलं सी फंक्शन कुठल्या आर्ग्युमेंटसह बोलावलं ते कळतं. 'इन्फो शेअर्डलायब्ररी' दिल्यावर तुमच्या .एसओ समोर तारा दिसला तर डीबग माहिती अजूनही नाही किंवा लोड होणारी फाइल भलतीच आहे. भलत्याच जागची जुनी .एसओ लोड होणं फार वेळा घडतं, म्हणून त्या यादीतला पूर्ण पाथ नीट वाचा.

ब्रेकपॉइंट आधीच लावायचा तर 'सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन' द्या. सुरुवातीला लायब्ररी लोडच झालेली नसते, त्यामुळे जीडीबीला फंक्शनचं नाव ठाऊक नसतं.

निरगुडी

घाटवाट यांची पद्धत बरोबरच आहे, पण वर्णन वाचून एक गोष्ट आधी तपासावी असं वाटतं. देवराई, 'ओपन'चा रेसटाइप (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) दिला आहे का?

सीटाइप्सला काही सांगितलं नाही तर प्रत्येक फंक्शन सी चा इंट परत देतं असं ते धरून चालतं. इंट ३२ बिटांचा, पॉइंटर ६४ बिटांचा. हँडलचा वरचा अर्धा भाग 'ओपन'मधून परत येतानाच गळतो, पण बोंब होते ती 'रीड'मध्ये. तपासायला हँडल हेक्समध्ये छापा. ऋण आकडा आला, किंवा आठच हेक्स अंक आले, तर हेच.

एका मशीनवर का चालतं तेही यातून सुटतं. पायथॉनची एक्झिक्यूटेबल पीआयई (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर बसू शकणारी) नसेल तर तिची हीप खालच्या पत्त्यांवर बसते. पत्ता ३२ बिटांत मावतो आणि वरचा भाग तसाही शून्यच असतो, त्यामुळे तोडलेला पॉइंटरही योग्य निघतो. पीआयई असेल तर हीप वर, बहुधा हेक्स ५५ ने सुरू होणाऱ्या १२ अंकी पत्त्यावर. तिथे अर्धा पत्ता म्हणजे भलतीच जागा.

आणि 'चालणाऱ्या' मशीनवरही भरवसा ठेवू नका. जीलिबसीचा मॅलॉक साधारण १२८ केबीच्या वरची मागणी थेट एमएमॅपने भागवतो आणि ती जागा हेक्स ७एफ च्या आसपास असते. मुख्य थ्रेड सोडून इतर थ्रेडांसाठीचे मॅलॉकचे साठे (अरीना) तेही तिथेच. म्हणून ऑब्जेक्ट मोठं झालं किंवा 'ओपन' वेगळ्या थ्रेडमधून बोलावलं की तीच मशीनसुद्धा मरेल.

उपाय दोन ओळींचा, पण दोन्ही ओळी हव्यात:

लिब.ओपन.रेसटाइप = सी_व्हॉइड_पी
लिब.रीड.आर्गटाइप्स = [सी_व्हॉइड_पी, ...]

फक्त पहिली दिली तर पायथॉनला पूर्ण ६४ बिटांचा आकडा मिळतो खरा, पण तो साधा पायथॉन इंट असतो. आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटचे प्रकार) नसताना 'रीड'ला देताना त्याचा पुन्हा सी चा इंट होतो आणि तो पुन्हा तुटतो. 'रेसटाइप दिला तरी क्रॅश' अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं.

खडूफळा

+१ निरगुडी. त्याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे कॉलबॅक. पायथॉन फंक्शन सीटाइप्सच्या सीएफयूएनसीटाइपमध्ये गुंडाळून सी ला दिलं आणि ते गुंडाळलेलं ऑब्जेक्ट कुठल्याच व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलं नाही, तर ओळ संपताच ते मोकळं होतं. सी कडे पॉइंटर राहतो, मागची जागा गेलेली असते. पहिला कॉलबॅक कधी कधी येऊनही जातो, नंतरचा मरतो. क्लासचा ॲट्रिब्यूट म्हणून किंवा मॉड्यूल पातळीवर धरून ठेवा. सी# मध्ये डेलिगेटच्या बाबतीत अगदी हेच होतं.

देवराई

निरगुडी, हँडल ऋण आकडाच होतं. रेसटाइप आणि आर्गटाइप्स दोन्ही दिल्यावर 'रीड' दोन्ही मशीनवर चालतंय. आभार!

आता पुढचं. 'रीड' एक स्ट्रक्ट भरतं: ३२ कॅरेक्टरचं नाव, एक ३२ बिटांचा पूर्णांक, एक डबल. नाव आणि पूर्णांक बरोबर येतात, डबलमध्ये कचरा येतो. शिवाय काही नोंदींवर नाव डीकोड करताना युनिकोडडीकोडएरर येते: बाइट हेक्स ई०, पोझिशन ३०, 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा'. डेटा मराठी आहे.

निरगुडी

दोन वेगळे दोष आहेत, दोन्हींना आकडेच साक्षीदार आहेत.

डबलचं आधी. नैसर्गिक अलाइनमेंटने हे स्ट्रक्ट ४८ बाइटचं होतं: ३२, मग ४, मग ४ बाइट मोकळे, मग ८. डबल ४० व्या बाइटला सुरू होतो. लायब्ररीच्या हेडरमध्ये वर कुठेतरी 'प्राग्मा पॅक(१)' असेल तर मोकळी जागा नाही, एकूण ४४, डबल ३६ ला. पहिली दोन फील्ड बरोबर आणि तिसरं चूक या लक्षणावरून पॅडिंगचाच फरक दिसतो. ताडून बघा: सी++ मध्ये साइझऑफ आणि ऑफसेटऑफ परत देणारं छोटं फंक्शन लिहा, पायथॉनमध्ये सीटाइप्स.साइझऑफ आणि फील्डचा .ऑफसेट छापा. फरक निघाला तर पायथॉनच्या क्लासमध्ये '_पॅक_ = १', आणि ते '_फील्ड्स_'च्या आधी. नंतर दिलं तर उपयोग होत नाही.

उलटी बाजू जास्त घातक. पायथॉनने ४४ बाइट दिले आणि सी++ ने ४८ लिहिले तर चार बाइट शेजारच्याचे जातात, आणि क्रॅश होतो तो पुढे कधीतरी, ज्याचा काही संबंध नाही अशा ओळीवर.

आता नाव. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं. मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. 'पुणे' पायथॉनच्या लेनला ४ दिसतं आणि सी च्या एसटीआरलेनला १२. तुमच्या ३२ मधला शेवटचा बाइट शून्यासाठी, उरले ३१. दहा चिन्हांचे ३० झाले आणि अकराव्याचा एकच बाइट आत आला. देवनागरीचा पहिला बाइट कायम ई०, पोझिशन ३०. एररने जागा बोट ठेवून दाखवली आहे. सी++ मधला एसटीआरएनकॉपी नाव मध्येच कापतोय.

पायथॉनकडे 'एरर्स = इग्नोर' देऊन एरर जाईल, नाव अर्धंच राहील. बफर वाढवा किंवा स्ट्रिंग लांबीसह वेगळी द्या. कापणं भागच असेल तर सी++ मध्येच मागे सरका: ज्या बाइटचे वरचे दोन बिट १० आहेत तो मधला बाइट, तो सोडत जा आणि चिन्हाच्या सुरुवातीवर थांबा. तरीही मात्रा किंवा जोडाक्षराचा उरलेला भाग सुटू शकतोच, म्हणून नावांसाठी ठरावीक लांबीचा बफर वापरूच नये असं माझं मत.

अवकाळी

निरगुडी यांनी म्हटलं तसं शेजारच्याचे बाइट गेले की जीडीबी अपुरं पडतं, कारण ते मेल्याची जागा दाखवतं, घाव कुठे बसला ते दाखवत नाही. तिथे ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतली घुसखोरी घडताक्षणी पकडणारी कंपायलरची सोय). लायब्ररी '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस -जी -ओ१ -एफएनओ-ओमिट-फ्रेम-पॉइंटर' ने बांधा. पायथॉन स्वतः सॅनिटायझरसह बांधलेला नाही, म्हणून नुसतं चालवलं तर 'रनटाइम यादीत पहिला नाही' अशा अर्थाचा संदेश येऊन थांबेल. एलडी_प्रीलोडमध्ये लिबएसॅन द्यावं लागतं, त्याचा पाथ 'जीसीसी -प्रिंट-फाइल-नेम=लिबएसॅन.एसओ' सांगतं.

याच्या जोडीला दोन सेटिंग हवीतच. 'पायथॉनमॅलॉक=मॅलॉक', कारण ५१२ बाइटपर्यंतच्या मागण्या पायथॉन स्वतःच्या मोठ्या तुकड्यांतून भागवतो आणि त्या तुकड्याच्या आतली घुसखोरी सॅनिटायझरला दिसत नाही. आणि 'एसॅन_ऑप्शन्स'मध्ये 'डिटेक्ट_लीक्स=०', नाहीतर इंटरप्रिटरने मुद्दाम न सोडलेल्या मेमरीची यादी अंगावर येते आणि तुमचा खरा दोष तिच्यात बुडतो.

याच सेटअपला जीडीबीखाली चालवायचं असेल तर एलडी_प्रीलोड शेलमध्ये एक्सपोर्ट करू नका, ते जीडीबीलाही लागू होतं. जीडीबीच्या आत 'सेट एन्व्हायर्नमेंट' वापरा.

घाटवाट

लायब्ररीचा सोर्स हातात नसेल तर व्हॅलग्राइंड (पुन्हा न बांधता मेमरी तपासणारं साधन) आहेच, तेही 'पायथॉनमॅलॉक=मॅलॉक' देऊनच. पण प्रोग्रॅम वीस-तीस पट हळू होतो. सॅनिटायझर साधारण दुपटीत भागवतो. सोर्स असेल तर मी सॅनिटायझरच घेईन.

स्वतः लिहिलेलं सी एक्स्टेन्शन असेल तर 'पायथॉन३ -एक्स डेव्ह' (३.७ पासून) आधी चालवा. पायथॉनच्या मेमरीभोवती राखीव बाइट भरले जातात: नवी जागा हेक्स सीडी, सोडलेली डीडी, कुंपण एफडी. जीडीबीत एखादा पॉइंटर 'डीडीडीडीडीडीडीडी' असा दिसला की मोकळं केलेलं ऑब्जेक्ट कुणीतरी वापरतंय. हा बहुधा रेफरन्स मोजणीचा घोळ. 'पायलिस्ट_गेटआयटम' उसना रेफरन्स देतं, तो डेक्रेफ करायचा (मोजणी एकने कमी करायची) नसतो. 'पायलिस्ट_सेटआयटम' तुमचा रेफरन्स स्वतःकडे घेतं, त्यानंतरही तुम्ही डेक्रेफ केलं तर एकदा जास्त. ३.१२ पासून नन, ट्रू, फॉल्स, छोटे पूर्णांक वगैरे 'अमर' आहेत, त्यामुळे ननवर जास्तीचं डेक्रेफ आता गुपचूप पचतं. ३.११ पर्यंत तोच कोड 'डीॲलोकेटिंग नन' म्हणून मरायचा. नव्या आवृत्तीवर चालतं म्हणून कोड बरोबर असं धरू नका.

सागरगोटा

क्रॅश नाही, नुसतं गोठतं, तेव्हा काय? सीपीयू शून्य टक्के.

अवकाळी

सीपीयू शून्य म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. 'पाय-स्पाय डम्प --पीआयडी ... --नेटिव्ह' द्या, पायथॉन आणि सी++ च्या फ्रेम एकाच स्टॅकमध्ये विणून दाखवतं, प्रोग्रॅममध्ये काही बदल न करता. किंवा जीडीबी जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'.

नेहमीचं चित्र असं: थ्रेड अ जवळ जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप) आहे आणि तो सी++ च्या म्यूटेक्सची (तिकडच्या कुलपाची) वाट बघतोय. थ्रेड ब जवळ म्यूटेक्स आहे आणि तो पायथॉनचा कॉलबॅक बोलावण्यासाठी जीआयएल मागतोय. स्टॅकमध्ये एका बाजूला म्यूटेक्स लॉक, दुसऱ्या बाजूला 'टेक_जीआयएल' दिसलं की निदान झालं. उपाय: म्यूटेक्स सोडून मगच कॉलबॅक बोलावणं, किंवा सी++ मध्ये शिरताना जीआयएल सोडणं. पायबाइंड११ (सी++ पायथॉनला जोडणारी लायब्ररी) मध्ये त्यासाठी 'जीआयएल_स्कोप्ड_रिलीझ' आहे.

सीटाइप्समध्ये सीडीएलएल दर कॉलला जीआयएल सोडतं, पायडीएलएल सोडत नाही. म्हणजे सीडीएलएल वापरताना पायथॉनचे दोन थ्रेड एकाच वेळी तुमच्या लायब्ररीत असू शकतात. लायब्ररी थ्रेडसाठी लिहिलेली नसेल तर तिथेही क्रॅश, तोही क्वचित होणारा. 'पायथॉनमध्ये जीआयएल आहे, चिंता नाही' हा समज या हद्दीवर लागू पडत नाही.

पारंबी

जावा आणि सी++ वाल्यांसाठी थोडं, कारण तिथे जीडीबी लावताच वेगळाच धक्का बसतो. जेव्हीएम सुरू होताच सेगफॉल्ट, सेगफॉल्ट, सेगफॉल्ट! ते बहुतेक खरे नसतात. हॉटस्पॉट (नेहमीचं जेव्हीएम) नल तपासणीसारख्या कामांसाठी हा सिग्नल स्वतःच वापरतं. जीडीबीत 'हँडल सिगसेगव्ही नोस्टॉप नोप्रिंट पास' द्या. खरा दोष आला की जेव्हीएम अबॉर्ट करतं, तिथे जीडीबी थांबेल. बॅकट्रेसमध्ये 'सिग्नल हँडलर कॉल्ड' ही ओळ शोधा, तिच्या लगेच खालची फ्रेम ती खरी.

बहुतेकदा जीडीबीची गरजही पडत नाही. 'एचएस_एर_पीआयडी' नावाची फाइल पडते, तिच्यात 'प्रॉब्लेमॅटिक फ्रेम'च्या खाली सुरुवातीचं अक्षर बघा. मोठा सी म्हणजे नेटिव्ह कोड, व्ही म्हणजे जेव्हीएम, मोठा जे कंपाइल झालेला जावा, छोटा जे इंटरप्रीटेड. पुढे लायब्ररीचं नाव अधिक ऑफसेट असतो, तो 'ॲडर२लाइन -सी -एफ -ई' ला दिला की फंक्शन आणि ओळ मिळते.

शिवाय '-एक्सचेक:जेएनआय' लावून एकदा पूर्ण चालवा (जेएनआय म्हणजे जावा आणि नेटिव्ह कोड जोडणारा इंटरफेस). जेएनआयएन्व्ह पॉइंटर दुसऱ्या थ्रेडमध्ये वापरणं, एक्सेप्शन आलेलं असताना न तपासता पुढचा जेएनआय कॉल करणं, हे ते बोलून दाखवतं. लोकल रेफरन्स स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल तर तो नेटिव्ह मेथड परतताच बाद होतो, तिथे न्यूग्लोबलरेफ हवा. 'अनसॅटिस्फाइडलिंकएरर' आली आणि लायब्ररी जागेवर आहे, तर 'एनएम -डी' ने नावं बघा. 'एक्स्टर्न सी' राहिलं असेल तर नाव '_झेड' ने सुरू झालेलं दिसेल.

खडूफळा

क्रॅश नाही, गोठणं नाही, उत्तरच चुकतं, असाही एक प्रकार आहे. फार सूक्ष्म संख्या अचानक शून्य होऊ लागल्या आणि तुमच्या कोडमध्ये काही बदल नाही, तर प्रोसेसमध्ये लोड झालेली कुठली .एसओ '-एफफास्ट-मॅथ' ने बांधली आहे ते बघा. जीसीसी १३ च्या आधी अशी शेअर्ड लायब्ररी बांधताना सुरुवातीचा एक तुकडा जोडला जायचा आणि तो लोड होताक्षणी डीनॉर्मल (शून्याच्या अगदी जवळच्या) संख्या शून्य करण्याचा प्रोसेसरचा बिट चालू करायचा. नुसतं इम्पोर्ट केलं, एकही फंक्शन बोलावलं नाही, तरी परिणाम. हा बिट थ्रेडपुरता असतो, म्हणून आधीच सुरू असलेले थ्रेड बरोबर उत्तर देतात आणि इम्पोर्ट करणारा व त्याने पुढे सुरू केलेले चुकीचं. तपासायला १ई-३१० ला १.० ने गुणा, इम्पोर्टच्या आधी आणि नंतर.

पारंबी

आकड्यांवरून फोरट्रान आठवलं. जीफोरट्रानमध्ये स्ट्रिंगची लांबी आर्ग्युमेंटच्या यादीच्या शेवटी लपून जाते. जीसीसी ८ पासून तिचा प्रकार इंटऐवजी साइझ_टी झाला. सी मधून लॅपॅक (फोरट्रानमधली रेषीय बीजगणिताची लायब्ररी) बोलावताना ती लांबी पुष्कळ जुन्या कोडमध्ये दिलीच जात नसे आणि वर्षानुवर्षं खपून गेलं. पुढे जीफोरट्रानचं ऑप्टिमायझेशन त्या लांबीवर विसंबू लागलं तेव्हा आर (सांख्यिकीची भाषा) सारख्या प्रकल्पांना आपल्या सी कोडमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. नवा कोड असेल तर बाइंड(सी) वापरा, प्रश्नच मिटतो.

सागरगोटा

व्हीएस कोडमध्ये दोन्हीकडे ब्रेकपॉइंट लावता येतात का? आणि प्रिंटने डीबग करणाऱ्यांचं काय?

घाटवाट

येतात. पायथॉन डीबगर सुरू करा, लायब्ररी लोड होणाऱ्या ओळीच्या नंतर ब्रेकपॉइंट ठेवा, थांबलं की ओएस.गेटपीआयडी बघा. मग सी++ डीबगर 'अटॅच' प्रकाराने त्याच पीआयडीला जोडा, .सीपीपी फाइलमध्ये ब्रेकपॉइंट लावा आणि पायथॉनकडून 'कंटिन्यू'. जोडताना परवानगी नाकारली तर उबुंटूवर यामाचा (कर्नलच्या सुरक्षा मॉड्यूलचा) पीट्रेस_स्कोप १ असतो, तो तात्पुरता ० करा. डॉकरमध्ये '--कॅप-ॲड=एसवायएस_पीट्रेस' द्या. सी++ ब्रेकपॉइंटवर असताना पायथॉन डीबगर प्रतिसाद देत नाही. पूर्ण प्रोसेसच थांबलेली असते, ते बरोबर आहे.

प्रिंटबद्दल: सी चा प्रिंटएफ आणि पायथॉनचा प्रिंट यांचे बफर वेगळे. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की ओळींचा क्रम बदलतो आणि क्रॅश झाला तर बफरमधलं दोन्हीकडचं जातं. 'शेवटची छापलेली ओळ' म्हणजे मेल्याची जागा नव्हे. छापायचंच तर दोन्हीकडून एसटीडीएररवर.

देवराई

हेडरमध्ये पॅक(१) होतं. '_पॅक_' दिल्यावर साइझऑफ दोन्हीकडे ४४ येतो आणि डबल बरोबर येतोय. नावासाठी लांबीसह वेगळी स्ट्रिंग करतोय.

शेवटचा प्रश्न. हे कंटेनरमध्ये सर्व्हरवर जाणार आहे, तिथे जीडीबी लावून बसता येणार नाही. तिथे मेलं तर मागे काय उरेल याची सोय कशी करावी?

अवकाळी

'पायथॉनफॉल्टहँडलर=१' एन्व्हायर्नमेंटमध्ये कायम ठेवा, खर्च जवळपास नाही. कोअर फाइलसाठी (मरतानाच्या मेमरीची प्रत) कंटेनरला 'यूलिमिट -सी अनलिमिटेड' द्या. ती कुठे पडेल हे कर्नलचा कोअर_पॅटर्न ठरवतो आणि तो होस्टचा असतो, कंटेनरमधून वेगळा ठेवता येत नाही. तो उभ्या रेघेने सुरू होत असेल तर कोअर होस्टवरच्या एखाद्या प्रोग्रॅमकडे जाते, कंटेनरमध्ये शोधून सापडणार नाही.

लायब्ररी '-ओ२ -जी' ने बांधा. 'ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग' ने डीबग माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढून जपून ठेवा, सर्व्हरवर स्ट्रिप केलेली (ती माहिती काढलेली) .एसओ पाठवा. कोअर उघडताना पायथॉन आणि लायब्ररी दोन्ही अगदी त्याच बिल्डच्या हव्यात. 'ईयू-अनस्ट्रिप -एन --कोअर=...' ने कोअरमधले बिल्ड-आयडी निघतात, ते जपलेल्या फाइलींशी जुळवा. जुळले तर जीडीबीत 'पाय-बीटी' कोअर फाइलवरही चालतं. न जुळणाऱ्या फाइलींवरही बॅकट्रेस येतो, पण त्यातली फंक्शन्सची नावं भलतीच असतात, म्हणून आयडी जुळेपर्यंत तो वाचायलाच घेऊ नका.